सासऱ्यांना मोंटगोमेरीची बस बघायचीय

मावशी,

माझे सासरे जूनमध्ये नाशिकहून आमच्याकडे येताहेत. वय ७४, हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर, गुडघे दुखतात पण डोकं तल्लख. आम्ही नायगाराची तिकिटं बघत होतो, तर फोनवर म्हणाले, 'पाणी मी गोदेला बघतो. मला मोंटगोमेरीला न्या, ती रोझा पार्क्सची बस बघायची आहे.' नवऱ्याला चार दिवसांची रजा आहे. तो म्हणतो, तिथे दुःखाशिवाय बघायचं काय? जाऊबाई म्हणतात, तो भाग बरा नाही, जपून. लेक अकरा वर्षांची आहे, तिला हे आत्ताच दाखवावं का? आणि मलाही आतून वाटतं, आपण ना गोरे, ना कृष्णवर्णीय. दुसऱ्याच्या दुःखाच्या जागी जाऊन फोटो काढून यायचं, हे बरं दिसतं का?

– एक वाचक, कमिंग, जॉर्जिया

अगं, आधी वाईट बातमी सांगून टाकते, म्हणजे ऐन वेळी सासऱ्यांचा हिरमोड नको. ती बस अलाबामातल्या मोंटगोमेरीत नाही. ती मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. क्रमांक २८५७. आत चढून सीटवर बसताही येतं, पण त्यासाठी वेगळी सहल काढावी लागेल. मोंटगोमेरीत, १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी जिथे बसमधली सीट गोऱ्या माणसासाठी सोडली नाही म्हणून पार्क्सबाईंना अटक झाली, त्या जागी आता ट्रॉय विद्यापीठाचं रोझा पार्क्स म्युझियम आहे. आत तशीच एक बस उभी केली आहे आणि तिच्या खिडक्यांमध्ये तो प्रसंग घडताना दिसतो. तुझ्या लेकीला ते फार आवडेल. मास्तरांना मात्र आधीच सांगून ठेव की ही अस्सल नव्हे.

त्यांच्या डोक्यात कदाचित शाळेच्या धड्यातली गोष्ट असेल, की दमलेली एक शिवणकाम करणारी बाई उठली नाही आणि इतिहास घडला. बाई शिवणकाम करायच्या हे खरं. पण त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचं चिटणीसपद कित्येक वर्षं सांभाळत होत्या. त्याच उन्हाळ्यात त्या टेनेसीत कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्याच वर्षी २ मार्चला, म्हणजे नऊ महिने आधी, क्लॉडेट कोल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने त्याच शहरात सीट सोडायला नकार दिला होता आणि तिलाही अटक झाली होती. पुढे बसमधला भेदभाव बेकायदा ठरवणाऱ्या खटल्यात ती साक्षीला उभी राहिली. लेकीला आधी क्लॉडेटची गोष्ट सांग. अकरा वर्षांच्या मुलीला बेचाळिशीतली बाई आजीसारखी वाटते, पंधराची मुलगी मात्र शेजारच्या घरातली ताई वाटते.

आता तुझ्या प्रश्नांपैकी शेवटचा आधी घेते, कारण त्याचं उत्तर पत्राखालच्या पत्त्यातच आहे. कमिंग, फॉर्सिथ काउंटी.

तुम्ही ते घर चांगल्या शाळा बघून घेतलं असणार. आपले निम्मे लोक त्याच कारणाने तिकडे गेलेत. पण १९१२च्या सप्टेंबरमध्ये एका गोऱ्या तरुणीवर झालेल्या हल्ल्यानंतर रॉब एडवर्ड्स नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला झुंडीने कमिंगच्या तुरुंगातून ओढून काढून ठार केलं आणि चौकात टांगलं. पुढच्या महिन्यात दोन पोरसवदा मुलांना झटपट खटले चालवून फाशी दिली. आणि त्या काही आठवड्यांत घोड्यांवरून रात्री येणाऱ्या टोळ्यांनी घरं जाळत, गोळ्या झाडत, काउंटीतल्या हजाराहून अधिक कृष्णवर्णीय लोकांना हाकलून लावलं. जमिनी, चर्च, उभी पिकं टाकून माणसं गेली. त्यानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षं तिथे कृष्णवर्णीय माणूस वस्तीला नव्हता म्हटलं तरी चालेल.

१७ जानेवारी १९८७ला तिथे एक छोटा मोर्चा निघाला, त्याच्यावर दगड पडले. आठवड्याने, २४ तारखेला, जवळपास वीस हजार माणसं कमिंगमध्ये चालली. दोन्ही वेळा पुढे होते होझिया विल्यम्स. हे नाव लक्षात ठेव, अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर ते परत भेटणार आहेत.

तेव्हा सहल कमिंगच्या चौकापासून सुरू कर. घरापासून गाडीने काही मिनिटं लागतील. रॉब एडवर्ड्सच्या हत्येचा माहितीफलक गावात लागला आहे. नवऱ्याला तिथे उभं कर आणि मग विचार, दुःख कुणाचं आणि लांब ते किती. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जाणाऱ्याने फोटोचा संकोच करावा. आपण इथे राहतो, घरपट्टी भरतो.

आणखी एक. ६ ऑगस्ट १९६५ला अमेरिकेत मताधिकार कायदा झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला इमिग्रेशनचा नवा कायदा झाला. त्याआधी भारतातून येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभर जागांचा कोटा होता. शंभर! वंशावरून माणसं मोजायची नाहीत हा हट्ट त्या चळवळीने देशाला धरायला लावला, त्यातूनच तो कोटा गेला आणि तुझा-माझा व्हिसा आला. मी इकडे आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं तर मी आपण फक्त हुशारीवर आलो असंच समजत होते.

आता चार दिवसांचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा जण एका व्हॅनमध्ये होतो आणि ट्रिप काढणाऱ्या गृहस्थांनी दोन दिवसांत चार शहरं बसवली होती. जेवणाला उशीर झाला म्हणून सेल्माचा पूल आम्ही काचेतून बघितला, न उतरता. एवढ्या लांब जाऊन! म्हणून सांगते, मेम्फिस या वेळी सोडून दे. लोरेन मोटेल, जिथे मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ला गोळी घातली, ती जागा बघायलाच हवी. पण तुमच्याकडून एका बाजूचेच सहा-सात तास लागतात. किंग तिथे शहराच्या सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते हे मास्तरांना सांग, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तिकिटाची सोय झाली. अटलांटाही या चार दिवसांत नको, ते कुठल्याही शनिवारी होईल.

बुधवारी निघा आणि शनिवारी परत या. सोमवार-मंगळवारी यातली बरीच दारं बंद असतात. वेळा निघण्यापूर्वी एकदा पाहून घे. अलाबामात शिरलात की घड्याळ एक तास मागे जातं. जाताना त्याचा फायदा होतो, येताना तो तास परत द्यावा लागतो.

पहिला थांबा टस्कीगी, तुमच्याकडून साधारण तीन तास. हे नाव तुम्ही कुणी यादीत घातलं नसणार, पण मास्तर ऐकूनच उठून बसतील. मराठी शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कार्व्हर माहीत नाही असं होत नाही. भुईमुगाचे कार्व्हर, ज्यांचं चरित्र आपल्याकडे बक्षिसात मिळायचं. ते १८९६ साली टस्कीगीला आले ते कायमचेच. त्यांची कबर कॉलेजच्या आवारातच आहे, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी. कार्व्हर यांच्या नावाचं छोटं म्युझियमही तिथेच आहे. रोझा पार्क्स यांचा जन्मसुद्धा टस्कीगीचाच, १९१३चा. आणि याच परिसरात सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता 'अभ्यासला', हेही मोठ्यांनी माहीत करून जावं.

मोंटगोमेरीत दोन रात्री राहा. तिथे डेक्स्टर ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे, खालपासून वरपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटांचा. खालच्या टोकाला कारंजं आहे. त्या चौकात गुलामांचे लिलाव व्हायचे, आणि पार्क्सबाई त्या संध्याकाळी बसमध्ये चढल्या त्याही तिथेच. वरच्या टोकाला राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन आहे. तिथे १८६१ साली गुलामगिरी टिकवायला निघालेल्या फुटीर राज्यांच्या अध्यक्षाने शपथ घेतली. आणि कॅपिटॉलपासून हाकेच्या अंतरावर ते लाल विटांचं चर्च आहे जिथे पंचविशीतले किंग १९५४ साली पाद्री म्हणून रुजू झाले. १९६५च्या २५ मार्चला, मताधिकारासाठी सेल्माहून निघालेला मोर्चा याच रस्त्याने वर आला. मास्तरांना गाडीने वर सोड आणि तिथून खाली चालू दे. उतार आहे, गुडघ्यांना चढापेक्षा बरा. जूनच्या उन्हात हे सकाळी नऊच्या आत.

किंग राहायचे ते पाद्र्यांचं घरही बघता येतं. ३० जानेवारी १९५६ला त्याच्या ओसरीवर बॉम्ब टाकला होता. पण मला त्या घरापेक्षा एका वेगळ्याच बाईचं घर जास्त आवडलं. जॉर्जिया गिलमोर. एका खानावळीत स्वयंपाकीण होती. पार्क्सबाईंच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसवर बहिष्कार टाकला, त्याच्या बाजूने कोर्टात साक्ष दिली म्हणून नोकरी गेली. मग ती घरीच रांधायला लागली. तळलेलं चिकन, गोड पाय (pie), केक, सँडविच. तिने बायांची एक टोळी जमवली, जिन्नस ब्यूटी पार्लरमध्ये, दारोदार विकायचे आणि पैसे चळवळीला द्यायचे, बसऐवजी माणसांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर म्हणायचं, 'कुठूनच नाही'. टोळीचं नावच पडलं 'कुठूनच नाही' क्लब. असं केलं म्हणजे कुणा मोलकरणीची नोकरी जायला नको, आणि गुपचूप पैसे देणाऱ्या गोऱ्या बाईचंही नाव फुटायला नको. बहिष्कार ३८१ दिवस चालला तो भाषणांवर चालला असं वाटत असेल, तर या बाईच्या घराबाहेरचा फलक वाचून ये. घरगुती डबे देऊन पोरं शिकवलेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, सासऱ्यांना हे फोड करून सांगावं लागणार नाही.

आता अवघड जागा. गुलामगिरीपासून आजच्या तुरुंगांपर्यंतचा इतिहास मांडणारं लेगसी म्युझियम आणि टेकडीवरचं झुंडबळींचं स्मारक, दोन्ही २०१८ साली उघडली. स्मारकात आठशेहून अधिक गंजल्या रंगाचे पोलादी ठोकळे आहेत, प्रत्येक काउंटीचा एक, त्यावर १८७७ ते १९५० दरम्यान मारल्या गेलेल्यांची नावं. एकूण ४,४००हून अधिक. सुरुवातीला ठोकळे आपल्यासमोर माणसासारखे उभे असतात. चालता चालता जमीन खाली उतरत जाते आणि ठोकळे तिथल्या तिथेच राहतात, आणि मग लक्षात येतं की ते आपल्या डोक्यावर लोंबताहेत. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुला सांगते आहे कारण बरोबर मूल आहे. जॉर्जियातल्या फॉर्सिथचं नाव शोधा.

लेकीला स्मारकात ने. मोकळी हवा आहे, गवत आहे, प्रश्न विचारायला जागा आहे. म्युझियम मात्र आधी तुम्ही दोघांपैकी एकाने बघून या आणि मग ठरवा. अंधाऱ्या खोल्या आणि आवाज आहेत, गुलाम झालेल्यांच्या तोंडून बोलणाऱ्या आकृती आहेत. काही अकरा वर्षांची मुलं पेलतात, काही रात्री झोपत नाहीत, आणि तुझी कुठल्यातली हे तुलाच माहीत. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे तुझा संकोच तिथे आपोआप मिटला. स्मारकात काढू देतात, पण ठोकळ्याला टेकून हसत उभं राहायचं नाही, एवढं तर कुणालाही कळतं. (कळत नाही. मी पाहिलंय.)

गुलामगिरीच्या दालनात मास्तरांना बोलतं कर. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली ती याच देशातल्या माणसांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी सोसलं त्यांना. कॅपिटॉलवर ती शपथ झाली त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांनी इकडे नजर ठेवली होती.

शुक्रवारी सेल्मा, मोंटगोमेरीहून पन्नास मैल. हायवे ८०च धर, कारण मोर्चा त्याच रस्त्याने आला, उलट दिशेने. वाटेत लाउंड्स काउंटीत मोर्चाचं माहिती केंद्र आहे, तिथे थांब. १९६५च्या सुरुवातीला त्या काउंटीत पाचातले चार लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. नोंदणी केली म्हणून जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढलं. त्या कुटुंबांनी तंबू ठोकले, ते याच जागी. मास्तर गावच्या राजकारणातले असतील तर त्यांना इथून हलवणं कठीण जाईल.

एडमंड पेटस पूल मधे उंच आहे. चढ संपेपर्यंत पलीकडचं दिसत नाही. ७ मार्च १९६५ला साधारण सहाशे माणसं दोघादोघांच्या रांगेत चढून आली, पुढे पंचविशीतले जॉन लुईस आणि आपले होझिया विल्यम्स. माथ्यावर आल्यावर त्यांना खाली उभे पोलीस दिसले. पोलिसांनी झोडपून मागे रेटेपर्यंत तिथून कुणी मागे फिरलं नाही. सासऱ्यांना माथ्यापर्यंतच ने, पुढे नाही जमलं तरी चालेल, बघायचं ते माथ्यावरूनच आहे. रहदारीचा पूल आहे, पदपथ सोडू नका. आणि ज्याचं नाव पुलावर आहे तो फुटीर सैन्यातला सेनापती आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचा पुढारी. ते नाव अजून बदललेलं नाही. गाव गरीब आहे, दुकानांना फळ्या ठोकलेल्या दिसतील. जेवण तिथेच करा, पाणीही तिथेच विकत घ्या. १९६५ साली चाललेल्यांपैकी काही अजून आहेत, तेव्हा ती मुलं होती. कुणी गोष्ट सांगू लागलं तर घड्याळ बघू नका, आणि गोष्टीचे पैसे द्यायला लाजू नका.

शाकाहारी कुणी असेल तर सावध. तिकडच्या पालेभाज्या आणि शेंगा डुकराच्या हाडावर शिजवतात, 'व्हेजिटेबल प्लेट' म्हटली तरीही. विचारून घ्यायचं. कॉर्नब्रेड आणि पीच कॉब्लरवर एक जेवण निभतं, दुसऱ्यासाठी डब्यात तुझी दशमी-चटणी.

बर्मिंगहॅमला रात्री पोचा. शनिवारी सकाळी आधी केली इन्ग्रम पार्क. मे १९६३मध्ये शाळकरी पोरं वर्ग सोडून इथे मोर्च्याने आली, हजाराहून अधिक, आणि त्यांच्यावर कुत्रे आणि बंबाचे फवारे सोडले. बागेतली वाट कुत्र्यांच्या पुतळ्यांमधून जाते, दोन्हीकडून जबडे. समोर सोळाव्या रस्त्यावरचं बाप्टिस्ट चर्च. तिथे १५ सप्टेंबर १९६३च्या रविवारी सकाळी बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या होत्या. चौथी, डेनिस मॅकनेअर, अकरा वर्षांची.

हे लेकीला तिथे, फलकासमोर कळू देऊ नकोस. आदल्या रात्री हॉटेलात सांग, शेजारी बसून. वय लपवू नकोस, ती फलकावर वाचेलच. प्रश्नांची उत्तरं पाठ करून जाऊ नकोस, 'मलाही कळत नाही' हे चालतं. आणि चर्चमध्ये गेलात तर वरची मोठी रंगीत काच दाखव, काळ्या ख्रिस्ताची. ती वेल्समधल्या सामान्य लोकांनी वर्गणी काढून पाठवली आहे.

एक प्रश्न ती हमखास विचारेल, घरी परतताना, गाडीत: 'आजोबा, आपल्याकडे असं होतं?' तिथे तू मधे पडू नकोस. आजोबा नाशिकचे आहेत. काळाराम मंदिराच्या दारातला १९३०चा सत्याग्रह ज्या गावात झाला, तिथल्या मास्तरांना हा प्रश्न नवा नाही. ते काय सांगतील मला माहीत नाही, आणि तुमचं घर तेव्हा दाराच्या कुठल्या बाजूला होतं हेही. पण तिने ते त्यांच्याकडूनच ऐकायला हवं, तुझ्या सारवासारवीशिवाय. त्या दोघांना अटलांटाला नेशील तेव्हा किंग यांच्या एबेनेझर चर्चच्या जुन्या इमारतीत बसव. १९५९ साली किंग भारतात आले होते, मुंबईत हट्टाने गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. त्या दौऱ्यात केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच अस्पृश्य' अशी करून दिली. आधी धक्का बसला, मग वाटलं, खरंच की, हे त्यांनी ४ जुलै १९६५ला याच चर्चमधून सांगितलं.

राहिल्या जाऊबाई. 'तो भाग बरा नाही' म्हणजे काय, हे त्यांना एकदा प्रेमाने विचार. पार्किंगमध्ये बॅग सीटवर उघडी ठेवायची नाही हे अटलांटाला लागू तेवढंच मोंटगोमेरीला, त्याच्या पलीकडे मला तीन खेपांत काही झालं नाही. बर्मिंगहॅमला तर टायर पंक्चर झाला तेव्हा एक आजोबा रविवारचा कोट काढून मदतीला वाकले होते. आणि घरात 'काळे' हा शब्द ज्या सुरात म्हटला जातो तो सूर लेकीने केव्हाच उचललेला असतो, तेवढं निघण्यापूर्वी मोठ्यांनी आपापसात बघून घ्या. तुमच्या गाडीत पाचवी सीट रिकामी असेल. जाऊबाईंना बरोबर घे, आणि खिडकीशी बसव.